खंडेनवमीच्या बंदुका

मलकप्पाबद्दल लिहायला बसलो की अजूनही माझं अक्षर बिघडतं, आणि ते वयामुळं बिघडतं असं कुणी समजू नये. संतापानं बिघडतं. इतकी वर्षं झाली, तरी. त्या माणसाच्या ओट्यावर मी जितका चहा प्यालो तितका सासरीही प्यालो नसेन. तोंडावर मी त्याला कायम अहो-जाहो केलं, 'अप्पा' म्हटलं. लिहिताना मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. तेवढी सूट मी घेतो.

सोलापुरात मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, आणि दुकानासमोर माझं घर. मी अर्जनवीस, म्हणजे कचेरीबाहेर चटई टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारा. तो बंदुका दुरुस्त करणारा. दुकान रीतसर सरकारी परवान्याचं. दारावर इंग्रजी पाटी होती, जी त्याला स्वतःला वाचता येत नव्हती. घरी कानडी बोलायचा, वाचायचाही कानडीच. मराठी बोलायला घडाघडा, पण मोडीत लिहिलेला कागद आला की तो माझ्याकडं सरकवायचा. "पंत, ह्या मुंग्या कुटं चालल्यात बघा की जरा," म्हणायचा.

उंच, वाळका, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर तेलानं काळा पडलेला पंचा. डाव्या कानानं ठार बहिरा, कारण दुरुस्त केलेली प्रत्येक बंदूक तो गावाबाहेर नेऊन स्वतः एकदा उडवून बघायचा. आयुष्यभर बंदुका हाताळल्या आणि एक चिमणी मारली नाही. अंड्याचं टरफल दिसलं तरी वाट वाकडी करणारा लिंगायत माणूस जिल्ह्यातल्या शिकाऱ्यांच्या बंदुका ठाकठीक करून देतो, याची पेठेत भरपूर थट्टा चालायची. त्याला त्याचं काही नव्हतं. सोनार काय सगळे दागिने अंगावर घालून बसतो का, असं तो उलट विचारायचा.

त्याच्याकडं येणाऱ्या बहुतेक बंदुका ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायचे, घोडा ओढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, असलं ते जुनं हत्यार. मलकप्पाचा नियम असा की दुकानात आलेल्या बंदुकीला आधी पाणी पाजायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, 'रिकामी आहे हो' असं शपथेवर सांगो, तो तांब्याभर पाणी नळीत ओतायचा, बंदूक भिंतीला टेकवून ठेवायचा आणि मगच 'बोला' म्हणायचा. एकदा एका इनामदाराची बंदूक आली. इनामदार स्वतः आले होते, बरोबर जावई. पाणी ओतलेलं बघून ते इतके भडकले की बोळातली माणसं गोळा झाली. मलकप्पानं नळीत गज घातला, फिरवला आणि आतून भिजलेली दारू आणि मूठभर छर्रे काढून फडक्यावर ठेवले. मग जावयाकडं बघून म्हणाला, "मगापासनं नळीचं तोंड तुमच्याकडं व्हतं, पावणं." इनामदार पुढं वर्षानुवर्षं त्याच्याकडंच येत राहिले.

बोट दाखवून तो कधी कुणाकडं निर्देश करत नसे, हनुवटीनं दाखवायचा. बंदूक सुटी करून तिचे आठ तुकडे समोर मांडलेले असले तरी नळीच्या रेघेत कुणाला बसू द्यायचा नाही. काम संपलं की हात राखेनं धुवायचा, शेंगाचटणी आणि भाकरी खायचा, आणि जेवताना बंदुकीचा विषय निघाला तर "साकु" म्हणून थांबवायचा. साकु म्हणजे पुरे. मला म्हणायचा, "पंत, माज्या हत्याराला परवाना लागतो. तुमच्या लेखणीला लागत न्हाय, म्हणून मला तिची जास्त भीती." आम्ही दोघंही हसायचो. मला वाटायचं, काय गमतीशीर माणूस आहे.

त्याच्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. विणकर मागाची, सुतार करवतीची, मी दौतीची. पण मंगळवेढा, करमाळा, माढा या बाजूच्या गावांतले बंदूकवाले आपली बंदूक घेऊन मलकप्पाकडं यायचे. त्याच्या बापाच्या काळापासूनची रीत. अष्टमीला घोंगड्यात गुंडाळून बंदूक आणायची, दुकानातल्या खुंटीला लावायची, आपल्या पागोट्याची एक चिंधी फाडून तिला बांधायची, म्हणजे ओळख पटते. रात्री मलकप्पा सगळ्यांना तेलपाणी करायचा, सकाळी झेंडू, हळदकुंकू, नारळ. दुपारपर्यंत ज्यानं त्यानं आपली चिंधी ओळखून बंदूक घ्यायची आणि गावची वाट धरायची. ना पावती, ना कागद. तो त्याला 'लेकी माहेरी आल्या' म्हणायचा. निघताना प्रत्येक बंदुकीच्या दस्त्यावर गुळाचा खडा टेकवून तो धन्याच्या हातावर ठेवायचा. मी दर वर्षी समोरून हे बघायला जायचो आणि गूळ खाऊन यायचो.

या मंडळींत बिरा कोळेकर होता. मंगळवेढ्याच्या पलीकडचा मेंढपाळ. बुटका, रुंद, बोलायला अगदी कमी. त्याला बंदूक मिळाली तीच मलकप्पामुळं. बापाची जुनी बंदूक बाप वारल्यावर चावडीत जमा झाली होती, आणि लांडगे तर दर हिवाळ्याला मेंढरं नेत होते. मी अर्ज लिहिला, एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी मलकप्पा आपण होऊन बिराबरोबर कचेरीतल्या गोऱ्या साहेबापुढं उभा राहिला. साहेब म्हणाला, तुझ्याकडं कुत्री आहेत की. आणि बंदूक हवीच असेल तर तीन महिने चौकशी होईल. मलकप्पानं हात जोडून सांगितलं, "चौकशी हुईपर्यंत लांडग्याला थांबायला सांगा, साहेब. तुमचं ऐकंल." मी मनातल्या मनात चौथा अर्ज लिहायला घेतला. दुभाष्यानं काय सांगितलं देव जाणे, पण साहेब हसला आणि आठ दिवसांत बंदूक मिळाली. बिरा कचेरीच्या पायरीवर मलकप्पाच्या पाया पडला. त्या दिवसापासून मलकप्पा सांगेल ती त्याची पूर्व दिशा. मुलीचं लग्न कुठं करावं हे विचारायलासुद्धा तो मंगळवेढ्याहून सोलापूरला आला होता.

हे एवढं लांबण लावून सांगतोय ते उगीच नाही. कुणी कुणावर किती भरवसा टाकला होता हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एका हिवाळ्यात मोडनिंबाकडच्या एका वस्तीवरून एक शेतकरी बंदूक घेऊन आला. चाप फार जड आहे म्हणाला. रानडुकरं येतात, मी घरी नसलो तर म्हातारीलासुद्धा ओढता यावा असा करून द्या. मलकप्पानं दोन दिवस खपून तो चाप घासला. मला हाक मारून दाखवला. करंगळीनं ओढला की घोडा पडत होता. "लोण्यागत केलाय," म्हणाला. खूश होता. आठ-दहा दिवसांनी त्या वस्तीवर धाकटी सून केर काढत होती. बंदूक कणगीला टेकवून ठेवलेली, भरलेली, घोडा चढवलेली. सुनेचा पदर चापात अडकला. सोळा वर्षांची पोर जागच्या जागी गेली.

बंदुकीची ओळख पटवायला पोलिसांनी मलकप्पाला तिथं नेलं. परत आला तेव्हा मी ओट्यावर होतो. तो समोर येऊन उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "चाप चांगला झाला हुता, पंत." मला त्याचा रागच आला. एक पोर मेली आणि हा आपल्या कारागिरीचं सांगतोय, असं मला वाटलं. मी उठून आत गेलो. ती माझी चूक होती, कबूल करतो. पण त्याची चूक माझ्या चुकीनं लहान होत नाही.

त्यानंतर तो बदलला. येईल त्या गिऱ्हाइकाला विचारायचा, घरात बंदूक कुटं ठेवता, लेकरं किती, खाली टेकवता का वर टांगता. एक-दोघांना म्हणाला, पेरणी होईपर्यंत हितंच राहू द्या की. ते हसले. म्हातारा झाला अप्पा, म्हणाले. तोही मग हसल्यासारखं करायचा.

पुढं तीस सालच्या उन्हाळ्यात शहरात गोळ्या चालल्या. माणसं मेली, लष्करी अंमल बसला, पांढरी टोपी दिसली तरी काठी बसायची. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचं नाही. सगळं निवल्यावर हुकूम निघाला की जिल्ह्यातल्या बंदुकांचे परवाने तपासले जातील, खरी गरज नसेल त्यांच्या बंदुका जमा होतील. गावोगाव दवंडी झाली. लोकांनी काय करावं? कुणी कडब्यात लपवली, कुणी माळ्यावर. कितीकांचे परवाने तर कधीच संपले होते. नवे करायला सोलापूरला हेलपाटे कोण घालणार?

आमचा ओट्यावर यावरून वाद व्हायचा. मी तावातावानं बोलायचो. म्हणायचो, गोळ्या चालल्या त्या कुणाच्या बंदुकीतून? धनगराच्या? साहेबाच्या दिवाणखान्यात भिंतीवर पाच बंदुका, त्याला कोणी विचारत नाही, आणि लांडगा हाकणाऱ्यानं तीन तीन अर्ज करायचे. सगळी हत्यारं एकाच हातात गेली की बाकीच्यांनी काय नुसतं उभं राहायचं? मलकप्पा कानस चालवत ऐकून घ्यायचा. एकदा म्हणाला, "बंदुकीला तिचा धनी कळत न्हाय, पंत. घोडा पडला की पडला. साहेबाच्या बंदुका काढायला माजा हात पुरत न्हाय. पुरतो तितनं तरी काढाव्यात का न्हाय?" मी म्हणालो, काढून काय, लांडग्याला ओवाळायचं? त्यानं पुन्हा कानस चालवायला घेतली. तो हरला असं मला वाटलं.

नवरात्र आलं. गावाकडची मंडळी साशंक होती. या वर्षी बंदूक शहरात न्यावी की नको? बिरा तर घटस्थापनेलाच रिकाम्या हातानं विचारायला आला. मी समोरच होतो. बिरानं विचारलं, "अप्पा, हुकूम निघालाय म्हणत्यात. आणू का नको?"

मलकप्पा म्हणाला, "माज्या दुकानात आल्यावर भ्यायचं काय?"

एवढंच. मी माझ्या कानानं ऐकलं. बिरा निर्धास्त होऊन गेला आणि वाटेतल्या गावांत सांगत गेला की अप्पांनी बोलावलंय.

अष्टमीला सगळ्या खुंट्या भरल्या. वीस-बावीस बंदुका असतील. दुपारी मलकप्पानं मला हाक मारली. म्हणाला, डोळे गेले माझे, चिंध्या सगळ्या सारख्याच दिसतात; गेल्या वर्षी दोघांच्या बंदुका बदलल्या आणि तंटा झाला. तेवढी नावं लिहून द्या. मी म्हटलं, त्यात काय. मांडी घातली, दौत उघडली. तो एकेका बंदुकीपुढं जायचा, चिंधी हातात धरायचा, नाव आणि गाव सांगायचा. परवाना आहे की संपलाय तेही सांगायचा. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, असू द्या की, पूजा झाल्यावर ज्यांचा संपलाय त्यांचे अर्ज तुम्हालाच लिहायचेत. मला बरं वाटलं. चांगलं ठसठशीत लिहिलं, वळणदार, वर श्रीकार काढून. माझ्या अक्षराची मला नेहमीच घमेंड.

नवमीला सकाळी मी नेहमीसारखा गेलो. मंडळी बाहेर ओट्यावर आणि बोळात बसलेली, नवी पागोटी, पानसुपारी चाललेली. आत पूजा झाली, घंटा वाजली. आणि बोळाच्या तोंडाशी एक बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीबरोबर फौजदार आणि दहा-बारा शिपाई. फौजदार शांतपणे आला, दाराशी थांबला, आत बघून विचारलं, झाली का पूजा? मलकप्पानं मान हलवली. म्हणजे पूजा संपेस्तोवर थांबायचं हेसुद्धा ठरलेलं होतं.

फौजदारानं खिशातून कागद काढला आणि नावं वाचायला लागला. लोकांना वाटलं, या वर्षी बंदुका नावानं परत देतायत. पहिला उठला, 'मीच की' म्हणत पुढं झाला. दुसरा उठला. हसत, पागोटं सारखं करत, एकमेकांना ढकलत उठत होते ते. शिपाई प्रत्येकाला एका बाजूला उभं करत होते आणि तरी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बिराचं नाव आलं तेव्हा तो मागं बसला होता. "हाय की, हितंच हाय," म्हणाला आणि गूळ घ्यायला हात पुढं करून आला.

मला कागदावरचा श्रीकार दिसला.

मी काय केलं? काही नाही. मलकप्पा आतून एकेक बंदूक आणून शिपायाच्या हातात देत होता, नळी खाली करून, व्यवस्थित. त्यानं कुणाकडं बघितलं नाही. बिरा तेवढा त्याच्याकडं बघत होता. बाकीचे ओरडले. एक जण मलकप्पाच्या दारात थुंकला. ज्यांचे परवाने संपले होते त्यांना संध्याकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवलं आणि ताकीद देऊन सोडलं. दसऱ्याचं सोनं लुटायला कुणी वेळेत गावी पोचलं नाही.

मला वाटलं, याला धमकावलं असणार. दुकानाचा परवाना काढून घेऊ म्हटलं असणार. मी दुसऱ्या दिवशी ओळखीनं फौजदाराला गाठलं आणि सांगितलं की गरीब माणसाला असं पेचात धरणं बरं नव्हे. फौजदार माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "आम्ही कुठं गेलो त्याच्याकडं? तोच आला. तीनदा आला."

आता सांगा.

बंदुका मोडीत गेल्या. कापून टाकल्या म्हणून कचेरीत ऐकलं. काही जणांनी अर्ज केले, ते माझ्याकडं न येता दुसऱ्या अर्जनविसाकडं गेले, कारण यादी माझ्या हातची होती हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. रस्त्यात माणसं मान फिरवायची. बायको म्हणाली, बोलून टाका एकदाचं काय ते. दिवाळी झाल्यावर मी रस्ता ओलांडून गेलो. मलकप्पा एक स्टोव्ह उघडून बसला होता. दुकानाचा परवाना त्यानं आपण होऊन परत केला होता. आता स्टोव्ह आणि कुलपं. खुंट्या रिकाम्या.

मी बसलो नाही. उभ्यानंच विचारलं, का केलंत?

त्यानं स्टोव्हची पिन साफ करून फडक्यावर ठेवली. मग बोलला ते सलग बोलला. म्हणाला, त्या पोरीच्या पदरानं कुठलाबी चाप ओढला गेला नसता. जुना चाप जड व्हता, पदरानं हलला नसता. माज्या हातानं हलका झालेला तेवढा हलला. मी परत येऊन तुमाला तेच सांगत हुतो, तुमी उठून गेला. मग मी मोजत बसलो, आजवर किती चाप हलके करून दिले. ते सगळे कुणाच्या तरी घरात कणगीला टेकून उभे हायत. मला झोप लागंना.

मी म्हणालो, मग लोकांना सांगायचं. जाऊन मागायच्या.

"सांगून दिल्या असत्या का त्यांनी, पंत?" त्यानं विचारलं.

खरं सांगतो, मलाही वाटलं, नसत्या दिल्या. आणि त्याच्यामुळं माझा संताप आणखीच वाढला. मी विचारलं, ठीक आहे, पण माझा हात कशाला वापरलात? माझ्याकडून यादी का लिहवून घेतलीत?

तो साधेपणानं म्हणाला, "मला मोडी येत न्हाय की."

मी घरी आलो तो पुन्हा त्या ओट्यावर चढलो नाही. त्यानंतर त्या गावांत बंदुकीनं कुणी मेल्याचं मी ऐकलं नाही, हे इथं नमूद करतो. मला ते नमूद करायला आवडत नाही, पण खरं ते खरं. एका वस्तीवर दरोडा पडला आणि लोक काठ्या घेऊन धावले, तेही खरं. कुणाला काय जास्त वाटायचं ते वाटो. माझं दुखणं निराळं होतं. माणसानं मला विचारलं असतं, तर भांडण करून का होईना, मी त्याच्या बाजूला उभा राहिलो असतो की नसतो, हे मला कधीच कळणार नाही. ती संधीच त्यानं ठेवली नाही.

बिराचं मात्र सांगितलंच पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात लांडग्यांनी त्याची दोन्ही कुत्री मारली. बंदुकीचा आवाज नाही हे त्यांना लवकर कळलं. मग मेंढवाड्यात यायला लागले, दिवसाढवळ्यासुद्धा. बिरा आणि त्याची बायको थाळ्या वाजवत बसायची. दुसऱ्या हिवाळ्यात निम्मा कळप गेला. उरलेली मेंढरं विकून तो सोलापूरला आला आणि गिरणीत कापसाचा कचरा झाडायच्या कामाला लागला. सात पिढ्या लोकर कातलेल्या घरातला माणूस. एकदा कचेरीशी भेटला तेव्हा त्यानं मला एकच प्रश्न विचारला, "पंत, तुमाला ठावं व्हतं?" मी नाही म्हणालो. त्यानं मान हलवली आणि त्याला ते पटलं. दुसऱ्या कुणाला पटलं नाही, त्याला पटलं.

गिरणीची वाट आमच्या बोळावरून जायची. संध्याकाळी भोंगा झाला की शेकडो माणसं चालत यायची आणि त्यात केसांवर कापूस घेतलेला बिरा असायचा. मी माझ्या ओट्यावरून बघायचो. बिरा दिसला की मलकप्पा हातातलं काम खाली ठेवायचा आणि उठून उभा राहायचा. रोज. बोलायचा नाही, हात जोडायचा नाही, नुसता उभा. बिरा सरळ पुढं बघत जायचा. तो वळणावर दिसेनासा झाला की मलकप्पा बसायचा. महिनेच्या महिने हे चाललं. मी बायकोला म्हणायचो, नाटक आहे सगळं. ती म्हणायची, रोज कोण नाटक करतं?

एका संध्याकाळी बिरा थांबला. गर्दी त्याला वळसा घालून जात होती. मलकप्पा उभा होताच. मधे रस्ता एवढासा; मला सगळं ऐकू येत होतं. बिरा नेहमीच्याच आवाजात बोलला, पण उजव्या कानाच्या बाजूला जाऊन, म्हणजे मलकप्पाला नीट ऐकू यावं म्हणून.

"अप्पा, रोज उबं राहू नगा. पाय दुखत्यात तुमचं. बंदूक गेली, मेंढरं गेली, त्येचं मी धरून बसलो न्हाय. पर एक सांगतो. तुमी नुसतं म्हणला असता, बिरा, बंदूक नगं, तर मी दिली असती. इचारलंबी नसतं का म्हणून."

मलकप्पानं दाराची चौकट धरली. बिरा पंच्यानं केसांतला कापूस झटकत चालू लागला आणि गर्दीत मिसळला.

मलकप्पाला मी तसा शेवटचा पाहिला. दुकान पुढच्या आठवड्यातच बंद झालं; लेकीकडं अक्कलकोटला गेला म्हणाले. त्या संध्याकाळी बिरा वळणावरून केव्हाच दिसेनासा झाला होता, सगळी गर्दी ओसरली होती, शेजारच्या विणकरानं दिवा लावला होता, आणि तरी तो उभाच होता, दाराची चौकट धरून. मी रस्ता ओलांडून जाऊन त्याला हाताला धरून बसवायला हवं होतं. अजूनही वाटतं. पण मी गेलो नाही. माझा राग तेव्हा गेलेला नव्हता, आणि त्याच्या तोंडाकडं बघायचं धैर्यही मला झालं नाही. मी चटई गुंडाळली आणि आत गेलो.